दादाच्या टकलावर जांभळे डाग

सातपूरच्या एका कारखान्यात सुट्या भागांतले दोष शोधण्याची माझी नोकरी आहे. घरच्यांच्या लेखी मात्र मी 'चांगला फोन असलेला' एवढाच. शहराबाहेर दादा-वहिनींचा गुलाबाचा मळा आहे. नवा फोन घेतल्यापासून रविवारी तिकडे गेलो की पानांचे फोटो काढायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. हल्ली झाडाला काही झालं तर पान खुडून दुकानात कुणी नेत नाही. फोटो जातो. खता-औषधांचा दुकानदार तो मोठा करून बघतो आणि काय फवारायचं ते कळवतो.

त्या रविवारी थंडी होती. पानांवर दव, ऊन नुकतंच बांधावरून आत आलेलं, आणि वारा. खरं तर मळ्याला काहीच झालेलं नव्हतं. वहिनींनी लग्नाच्या सजावटवाल्याला फुलांचा शब्द दिला होता, कळ्या भरत आल्या होत्या, म्हणून एकदा दुकानदाराला दाखवून ठेवावं, इतकंच. मी पहिल्या ओळीचे फोटो काढले. वाकून, उकिडवा बसून, एक तर चिखलात गुडघा टेकून. फोनमध्ये एचडीआर नावाची सोय असते. ऊन आणि सावली दोन्ही नीट यावं म्हणून फोन एका दमात तीन-चार फोटो घेतो आणि जोडून त्यांचा एक करतो. मी ती कायम चालू ठेवायचो. फोनसोबत मिळालेली कुठलीही सोय वाया जाऊ द्यायची नाही, असा आमच्या घराचा संस्कार आहे.

चहा होईपर्यंत दुकानदाराचा फोन आला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला.

"ताई, पानांवर जांभळे डाग हायेत. डाऊनी वाटतेय."

डाऊनी हा गुलाबाचा रोग. थंडीत आणि दवात तो एका झाडावरून बघता बघता सगळ्या मळ्यात जातो आणि पानं झडतात.

"डागाच्या काड्या कापून मळ्याबाहेर न्या, आन् आजच फवारा," दुकानदार म्हणाला.

काड्या कापायच्या म्हणजे त्यांच्यावरच्या कळ्याही जाणार. मग सजावटवाल्याला काय द्यायचं? वहिनींचा चहा तसाच राहिला.

आम्ही तिघं मळ्यात गेलो. डाग काही दिसेना. दादाने चष्मा लावला, काढला, सदऱ्याला पुसून पुन्हा लावला. पान उलटं करून बघितलं.

"नाय दिसत बुवा."

मी फोटो मोठा करून त्याच्या नाकासमोर धरला. पानांच्या कडेला जांभळे ठिपके, अगदी ठळक.

"सुरुवात असेल," मी म्हणालो. "आपल्या डोळ्याला दिसायच्या आधी कॅमेऱ्याला दिसतं."

हे मी इतक्या शांतपणे म्हणालो, की मलाही ते पटलं. कारखान्यात एखादा भाग चुकीचा निघाला तर मी आधी मोजायचं यंत्र तपासतो. मळ्यात ते मला सुचलं नाही.

वहिनींनी कात्री घेतली. त्या पुढे कापत होत्या, दादा मागून काड्या गोळा करत होता. पहिली ओळ संपली. दुसरीला हात घालायच्या आधी, सांगितलेलं काम चालू आहे हे दुकानदाराला कळावं म्हणून, मी काड्यांचा भारा घेतलेल्या दादाचा फोटो काढला. आला कसा ते बघायला वहिनी जवळ आल्या आणि बघतच राहिल्या.

"भाऊजी, यांनाही झालीय."

दादाच्या टकलावर, ऊन चमकत होतं तिथे, जांभळे ठिपके होते. कानाच्या वर एक हिरवाही.

"काय झालंय मला?" दादाने विचारलं.

"डाऊनी. हलू नका, पंप आणते."

दादाने डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं नीट तपासली.

मग दुरुस्ती सुरू झाली. मी लेन्स पुसली, ठिपके होतेच. फोन बंद करून चालू केला, होतेच. पाण्याचा हंडा उन्हात ठेवून फोटो काढला, तर हंड्याच्या काठालाही डाऊनी. दादाला सावलीत उभा केला, तो बरा झाला. शेवटी सेटिंगमध्ये भटकत जाऊन एचडीआर बंद केलं आणि उन्हातल्याच पानाचा फोटो घेतला. दवाचे थेंब पांढरे पडले होते, पण जांभळं काही नव्हतं.

मी समजावून सांगितलं: वाऱ्याने पान हलतं, हातातला फोन हलतो, दव चमकतं, फोनचे तीन-चार फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि जिथे चुकतं तिथे तो भलताच रंग भरतो.

"म्हणजे जोड नीट शिवता येत नाही त्याला," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी कात्री कमरेला खोचली.

नवे फोटो गेले. दुकानदार म्हणाला, मळा स्वच्छ आहे, मग मघाशी काय होतं?

"आमच्या भाऊजींचा फोन आजारी होता," वहिनींनी सांगितलं.

फुलं वेळेवर गेली, थोडी कमी पडली. सजावटवाल्याने मंडपाच्या मागच्या बाजूला झेंडू लावून भागवलं म्हणे. कापलेली ओळ पुढे जोमाने फुटली आणि लग्नं आटोपल्यावर एकटीच फुलून बसली. घरात तिला 'भाऊजींची ओळ' म्हणतात. पाहुण्यांना दाखवतातही.

आता वहिनी स्वतःच्या फोनवरून फोटो काढतात. पानाशेजारी आपला हात धरतात. डाग हातावरही आला तर फोनचा, नुसत्या पानावर आला तर आपला, असा त्यांचा हिशेब. परवा मला एक फोटो आला. हातावर काट्यांचे ओरखडे होते, बाकी काही नाही. पानावर जांभळे डाग होते. खाली लिहिलं होतं: ही खरी आहे. सकाळीच फवारलं.

मला काही विचारलेलं नव्हतं. तरी मी तो मोठा करून बघितला.