किसनला विहिरीत कुणी उतरवलं

मालकाच्या तोंडावर मी त्याच्याच विहिरीचं पाणी प्यालो, ही गोष्ट आमच्या भागात बऱ्याच जणांना माहीत आहे. सभांमधून सांगतात. माझ्या गळ्यात हार घालतात. त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतो.

"इथंच वाळ," मालक किसनला म्हणाला. "वाळल्याबिगर माझ्या रानातून पाय उचलायचा न्हाई."

विहिरीपासून वीस पावलांवर खडकाळ पडीत जमीन होती. तिथं किसन उभा. अंगावर नुसता लंगोट. केसांतून पाणी गळत होतं. मालकाचा पुतण्या हसला.

"काका, पालथा करा त्याला. पापड एका बाजूनं वाळत न्हाई."

मी इंजिनाजवळ होतो. हातात पाना. मी हसलो नाही, एवढंच.

किसन माझा शेजारी. लहानपणापासूनचा जोडीदार. आमच्या दोघांच्या बापांनी देव नदीत सोडून धम्म घेतलेला. गावाला त्याचं काही नव्हतं. गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला तसं गावोगावी विहिरींवर डिझेलची इंजिनं बसली. मी तेव्हा जालन्यात एका मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली होतो. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचो. उस्ताद म्हणाले, "कान तेरा, हात तेरा. फिर दुकान दुसरे का कायको? जा, अपना डाल." मी गावी आलो आणि वाटूर फाट्यावर टपरी टाकली. किसनला सोबत घेतलं. मी इंजिन बघायचो, तो पाण्यात बुडी मारायचा. पाइपाच्या तळाला जो फूटव्हॉल्व्ह असतो, शेतकरी ज्याला फुटबॉल म्हणतात, तो किसन पाण्याखाली नुसत्या हातानं खोलायचा. एवढा दम त्याच्या छातीत. पण ही त्याची कला आमच्या वस्तीच्या डोहावरच्या पंपापुरतीच चालायची. गावच्या विहिरीत नाही.

कारण इंजिनाला आमचा हात चालायचा. लोखंडाला विटाळ नव्हता. पाण्याला होता. पंपात पहिलं पाणी भरायचं, तेही त्यांचाच गडी ओतायचा. मी बाजूला सरकायचो. गडी ओतायचा. मी परत पुढं यायचो. रोजचंच. अंगवळणी पडलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

या मालकाच्या तीन विहिरी. भाऊबंदांच्या आणखी चार. हे काम जमलं की सातही इंजिनं माझी, असा माझा हिशेब. इंजिन बराबर होतं, पण पाणी उचलत नव्हतं. फुटबॉलात काहीतरी अडकलेलं. "खाली आमचा गडी उतरंल, तुम्ही वरून सांगा," असं बजावून मालक जेवायला गेल्ता. गड्यानं तीन बुड्या मारल्या. हात हलवत वर आला.

मी किसनला म्हणालो, "उतर. जल्दी. मालक यायच्या आत."

तो म्हणाला, "बघ बरं. मंग माझ्यावर येईल."

"मी हाय ना."

हे माझे शब्द. मी हाय ना.

तो उतरला. बाभळीची फांदी आणि चिंध्यांचा गोळा काढून पायऱ्या चढत वर आला, हसत. समोर मालक आणि पुतण्या.

"ह्याला कुणी उतरवलं?"

गडी जमिनीकडं बघायला लागला. किसननं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मला न्हाई माहीत, मालक. मी इंजिन पाहून राह्यलो होतो."

किसननं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग ते वाळणं. मालक मला म्हणाला, "तू बरा हायेस, मिस्त्री. रीत सांभाळतोस. कर चालू. सगळी विहीर उपसून काढ."

गड्यानं पंपात पाणी ओतलं. मी हँडल मारलं. पहिल्या फेऱ्यात इंजिन लागलं. माझ्या हातचं ते पहिलं मोठं काम. पाण्याची जाड धार पडली आणि पिकाकडं न जाता खडकावरून ओढ्याला गेली. किसनच्या पायांजवळून. त्याच्या अंगाला लागलेलं पाणी फेकायचं काम माझं इंजिन करत होतं. माझा कान, माझा हात. उस्तादांनी दिलेलं सगळं.

किसन वाळला. त्यानं कपडे उचलले, न घालताच बांधावरून निघून गेला. मागं वळला नाही.

तो दिसेनासा झाला आणि मी लिव्हर उचललं. इंजिन बंद.

"काय झालं? बिघडलं का?"

"न्हाई. बराबर हाय. मी चालवणार न्हाई."

मी पायऱ्या उतरलो. ओंजळीनं पाणी प्यालो, पोटभर. वर येऊन म्हणालो, "आता उपसा किती उपसायचं ते." पाने पेटीत टाकले आणि चालायला लागलो. मागून शिव्या, एक दगड. लागला नाही.

पण "त्याला मीच उतरवलं" हे तोंडातून निघालं नाही. तेव्हाही नाही.

वस्तीत मी वाघ झालो. टपरीवर पाटी लावली: विहिरीत आम्ही उतरणार, काम झाल्यावर तिथलंच पाणी पिणार, मान्य असेल तरच बोला. महिनोन्‌महिने कुणी फिरकलं नाही. मी हवा खात बसलो. मग हळूहळू लोक आले. पिकं जळायला लागली की येतात. ती पाटी मी आजवर काढलेली नाही, काढणार नाही.

किसन टपरीवर परत आला नाही. दुसऱ्यांच्या विहिरी खोदत राहिला, अजून गावातच आहे. माझ्या सत्कारात एकदा मागच्या रांगेत बसला होता. टाळ्याही वाजवल्या त्यानं.

यापुढं हार घेणार नाही. त्याच विहिरीवर जाईन, गाव बोलावीन, मालक आता राहिला नाही, पुतण्याला बोलावीन, किसनला हात जोडून बोलावीन. तो येईल, न येईल. मी जाईन ते माफी मागायला नाही, साक्ष द्यायला. किसनचं एक वाक्य माझ्याकडं देणं आहे: त्याला मी उतरवलं. ते मी गावासमोर अजून दिलेलं नाही.