जानकीने न उघडलेली ट्रंक

अंधेरीच्या पूर्वेला एका कौलारू चाळीत जानकी परब खानावळ चालवायची. गिरणीत असलेला नवरा क्षयाने गेला, तेव्हा पदरात अनुपमा होती आणि हाताला स्वयंपाकाखेरीज काही येत नव्हतं. जेवायला येत ती मालवणकडची, एकटी राहणारी माणसं. त्यांच्या वळकट्या, ट्रंका तिच्याच माळ्यावर पडून असत.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात तिच्या गावचा बाळा अशीच एक ट्रंक ठेवून गेला. कुलपाची किल्ली त्याने बरोबर नेली. लवकरच न्यायला येतो म्हणाला, तो आलाच नाही. आले ते पोलीस. कुलूप तोडलं तर जुन्या धोतरांखाली गांजा. पंचनामा झाला आणि हाताचं पीठही न धुता जानकीला चौकीवर नेलं.

जामिनावर सुटल्यावर ती विद्याधर सबनीस वकिलांकडे गेली. त्यांनी समजावलं, की माल तुझ्या घरात सापडला, म्हणजे तूच गुन्हेगार असं कायदा धरून चालतो. तुला ठाऊक नव्हतं हे तू पटवून द्यायचं. बाळाचा तर पत्ताच नव्हता.

"कोर्टात साहेब विचारतील, आत काय होतं माहीत होतं का," वकील म्हणाले. "नाही म्हण. पुढे एक शब्द बोलू नकोस."

पण ट्रंक घरात होती तोवर माळ्यावर चढलं की जानकीला वास यायचा. गावच्या देवळामागे बैरागी उतरत, त्यांच्या चिलमींचा तो वास. एकदा ती दगड घेऊन कुलपापाशी बसलीही होती. पण तेच निघालं तर? बाळाला पोलिसांत द्यायचं? त्याच्या आईने जानकीचं बाळंतपण केलं होतं. तिने ट्रंक कोपऱ्यात सरकवली, वर कांद्याचं पोतं टाकलं आणि असेल काही औषधपाणी, अशी मनाची समजूत घातली.

तारखेपर्यंत ती स्वतःलाच विचारत राहिली. मला माहीत होतं की नव्हतं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

कोर्टात तिने "नाही" म्हटलं. मॅजिस्ट्रेटनी शांतपणे विचारलं, इतके दिवस ट्रंक घरात होती, वाससुद्धा आला नाही? वकिलांनी तिच्याकडे पाहिलं. जानकीने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

"वास येय होतो," ती म्हणाली. "उघडून बघूक धीर झालो नाय."

शंका येणं म्हणजे माहीत असणं नव्हे, असं सबनीसांनी परोपरीने मांडलं. पण वास ओळखूनही जिने ट्रंक झाकून ठेवली तिला अजाण म्हणता येत नाही, असा निकाल झाला. सहा महिन्यांची सजा लागली.

अनुपमाला शेजारच्या कुंदाताईंनी ठेवून घेतलं. जानकी सुटून आली तोवर खोल्या गेल्या होत्या, जेवणारे दुसरीकडे जाऊ लागले होते. तिने आरे कॉलनीतल्या तबेल्यात शेण काढण्याचं काम धरलं आणि मुलीला तिथल्या झोपडीत नेलं.

अनुपमा फारसं बोलत नसे. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "नुसतं नाही म्हणून थांबली असतीस तर?"

जानकीने मुलीच्या ताटलीत भात वाढला. अनुपमाने ताटली उचलली आणि ती बाहेर जाऊन बसली.