फुग्याखाली गेलेली फुली

"बाई, मशीनवर प्लेट टाकू का? पोरं खोळंबलीत." रफिकभाईंनी पुन्हा विचारलं. नगरमधल्या त्यांच्या छापखान्यात मी प्रूफ धरून बसले होते. मनगट ठणकत होतं. घरी जायचं होतं.

इरा, नील, आजी कॉमिक्स काढते म्हणजे नक्की काय करते, असं तुम्ही विचारता. त्यातलंच हे एक काम. साप चावल्यावर काय करायचं, हे सांगणारं एका संस्थेचं चित्रपुस्तक, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. स्क्रिप्ट पुण्याहून इंग्रजीत आली. पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात ते फुगे मी त्या मापाने सोडले. मग मराठी मजकूर आला, बराच लांब. संस्थेच्या ऑफिसने मला न विचारता कॉम्प्युटरवर फुगे मोठे केले.

प्रूफ शेवटी चष्मा काढून बघायचं, ही माझी सवय. अक्षरं पुसट होतात, चित्रं उरतात. एका पानावर बाई नवऱ्याच्या पायाला दोरी आवळत होती. असं करू नका, हे कळावं म्हणून मी वर कोपऱ्यात मोठी लाल फुली काढली होती. ती फुग्याखाली गेली होती.

संस्थेच्या शिंदे सरांना फोन लावला.

"मॅडम, फुग्यात स्पष्ट लिहिलंय, दोरी बांधू नका."

"ज्याला वाचता येत नाही, त्याला चित्र सांगतंय, बांधा."

"टोळ्यांचे ट्रक उद्या निघतायत. आणि आमच्या डॉक्टरांनी सगळं पाहिलंय."

"डॉक्टरांनी फुलीसकट पाहिलंय."

मग सर म्हणाले, "फुली फुग्यावर टाका ना."

"म्हणजे 'बांधू नका' यावरच फुली येईल, सर."

रफिकभाई खो खो हसले. शिंदे सर हसले नाहीत. "काय करायचं ते करा, पण आजच."

मी ती चौकटच काढून टाकली. तिथेच टेबलावर नवी काढली. नवरा आडवा, पाय स्थिर, बायको हात करून जीप थांबवतेय. फुग्यात एवढंच: "हलू नका. दवाखान्यात चला." फोटो डॉक्टरांना पाठवला. होकार यायला संध्याकाळ झाली.

"माझं लग्न याच्यापेक्षा लवकर जमलं हुतं," रफिकभाई म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

पुस्तकं ट्रकांबरोबर गेली. कुणी पाहिली, की चुलीत घातली, मला कळलं नाही. नंतर विंचवावरची स्क्रिप्ट आली. तीही इंग्रजीतच.

तेव्हापासून जे करू नये, ते मी चित्रात काढतच नाही. फुली कुठेतरी हरवते, दोरी राहते.