रुमालाखालचा भाव

तुमच्या कापसाचा भाव रुमालाखाली का ठरतो, हे तुम्ही कधी कुणाला विचारले आहे का?

मीही विचारले नव्हते. उंद्रीहून आमची गाडी खामगावच्या कापूसबाजारात लागली, की खरेदीदार शेठ आणि आमचा अडत्या हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवीत. वडील अदबीने दुसरीकडे पाहत. रुमालाखाली डोकावणे त्यांना परक्याच्या घरात डोकावण्यासारखे वाटे.

एका हंगामात आमची गाडी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, रिकामी झाल्यावर कळले, की विलायतेत भाव चढला आहे. अमेरिकेतले पीक बुडाले होते. शेठला तार सकाळीच आली होती. पुढे लढाईने जहाजे अडली आणि भाव कोसळला. ती बातमी मात्र आमचे बैल सुटण्याआधी बाजारभर झाली. चढल्या भावाची तार खिशात राहते, पडल्या भावाच्या तारेला पाय फुटतात. लढाई त्यांची, जहाजे त्यांची, गिरण्या त्यांच्या. नुकसान तेवढे आमच्या वाट्याचे.

या शेठला भर बाजारात उघडे पाडायचे, हे मी तेव्हाच ठरवले.

यंदा रुमाल पडताच मी तो ओढून काढला. शेठची बोटे अडत्याच्या मुठीत तशीच राहिली. आज आलेली तार वाचून दाखवा आणि भाव तोंडाने बोला, असे मी त्याला सांगितले.

वडिलांचा चेहरा उतरला. “काऊन बे, भर बाजारात मायी इज्जत काढून राह्यला?”

मागच्या गाडीवर आमच्याच गावचे एक मुसलमान शेतकरी होते, वडिलांचे जुने सोबती. ते शांतपणे म्हणाले, “तुमची काहून जाईन भाऊ? रुमाल तं शेठचा गेला. काहो शेठ, हाताले थंडी वाजून राह्यली का?”

गाडीतळ हसला. शेठ उठला. उंद्रीचा कापूस आता कोण घेतो ते पाहतो, म्हणाला. कुणी घेतला नाही. आमच्या दोन्ही गाड्या भरलेल्या परत आल्या. कापूस ओसरीत पडून आहे आणि वडील माझ्याशी बोलत नाहीत. तरी त्या उघड्या बोटांकडे पाहताना शेठचा झालेला चेहरा मला पुन्हा पाहायचा आहे.

एका गावाचा कापूस तो नाकारील. साऱ्या बाजाराचा नाकारला, तर जहाजात काय भरील? म्हणून येत्या बाजारी तुमच्या गाडीपाशी रुमाल पडला, की तो उचला, आणि भाव मोठ्याने बोलल्याशिवाय गाडीचे दोर सोडू नका.