क्वार्टरची कोरी भिंत

तुमसरला गाडीत बसल्यावर आईनं मला खिडकीशी ढकललं आणि स्वतः गावाकडे पाठ करून बसली. फलाटावर आत्या रडत होती. "जय भीम वहिनी, पत्र टाकजा," एवढंच तिला बोलता आलं. भिलाईत कारखाना उभा राहत होता. बाबा आधीच तिकडे गेले होते आणि त्यांना सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं होतं. मी सात वर्षांची.

तुम्ही भावकीतली माणसं गावातच राहिलात, तुम्हाला काय सांगायचं! आपली घरं ओळखायला पाटी लागत नव्हती. गावाबाहेरची म्हणजे आपलीच. भिलाईत मात्र सगळी क्वार्टरं एकसारखी. तिसऱ्याच दिवशी बाजारातून येताना आई भलत्याच घरात शिरली आणि थेट स्वयंपाकघरात भाजीची पिशवी ठेवून मोकळी झाली. घर होतं भंडाऱ्याकडच्याच एका पाटलीणबाईंचं. त्या हसल्या. "बस ना बाई, चहा मांडून राहिली मी."

चहा पिऊन आलेल्या आईनं आधी दार लावून घेतलं. "तिले मालूम नव्हतं आपण कोण. मालूम पडलं तं?" त्या दिवसापासून तिनं बाहेर पडणंच सोडलं.

मला असा राग आला म्हणता! कोळसा आणि गेरू घेऊन मी दाराशेजारच्या भिंतीवर हे एवढं हरीण काढलं. आईला घर सापडावं, बस्स. बाबा ड्यूटीवरून आले आणि ओल्या फडक्यानं ते पुसायलाच लागले. "गावात आपल्या घराले खूण होती. इथं बिगर खुणेचं घर भेटलं, तं तू कावून खूण करून राहिली?"

आईची भीती आणि बाबांचं म्हणणं, दोन्ही मला पटत होतं. मग मी दुसऱ्यांच्या भिंती धरल्या. तेलुगू अम्मांकडे कासव, पंजाबी चाचींकडे उंट. पाटलीणबाईंना तोवर आमचं सगळं कळलं होतं. चार दिवस त्या बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मलाच हाक मारली, "माह्या भिंतीवर मोर काढून देशील का, पोरी?" कासव ओलांडून, उंटापासून वळून आई बाजारात जाऊ लागली.

आता पुण्यात मुलांची पुस्तकं लिहिते, त्यांतली चित्रंही मीच काढते. हे सातवं भाड्याचं घर. घरमालक पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारतो, माझं डोकं फिरतं आणि मी पुन्हा सामान बांधते. कुठंच जीव रमत नाही. प्रत्येक पुस्तकात एकसारख्या घरांची एक रांग येतेच. संपादक वैतागतात, पुन्हा तेच? हो, पुन्हा तेच!

घर म्हटलं की मला एकच संध्याकाळ आठवते. अख्ख्या ओळीत प्रत्येक भिंतीवर कुणी ना कुणी प्राणी, फक्त आमची भिंत कोरी. बाबा सायकल लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि म्हणाले, "आता आपल्या भिंतीवरबी काढ."