नीलांबरी पुरुषोत्तमोव्ना

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या लायब्ररीत नीलांबरीकाकूंना सगळे ओळखायचे. अंगावर साडी, वर जावयाचं फुगीर जॅकेट, पायांत पांढरे बूट आणि काखेत रशियन पुस्तक. त्या भागात रशियातून येऊन राहिलेली बरीच म्हातारी मंडळी होती, त्यांच्यासाठी लायब्ररीने एक अख्खं कपाट ठेवलं होतं. पण त्या मंडळींपैकी एकाशीही काकू कधी बोलल्या नाहीत. कपाटापाशी कोणी गोरी म्हातारी दिसली की बाई गुपचूप स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे सरकायच्या आणि ती जाईपर्यंत केकची चित्रं बघत उभ्या राहायच्या.

आता ही काय तऱ्हा म्हणायची? ज्या बाईने पुण्यात अठ्ठावीस वर्षं रशियन शिकवलं, जिच्या हाताखालून गेलेले इंजिनिअर पोलादाच्या कारखान्यांत रशियन साहेबांशी कडाकडा भांडून आले, त्या बाईने असं तोंड लपवावं? पण त्याला कारण होतं. काकू रशियाला कधी गेल्याच नव्हत्या. खऱ्याखुऱ्या रशियन माणसाशी शेवटचं बोलणं झालं ते एकोणनव्वद साली. मग तिकडे तो देशच मोडला, इकडे पोरं जपानी आणि जर्मनकडे पळाली, काकूंच्या वर्गात तीन विद्यार्थी उरले आणि पुढच्या वर्षी तेही नाहीत. त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेलेली. आपण शिकवलं ते खरं रशियन होतं, की पुस्तकातलं काहीतरी वाळलेलं, ही शंका त्यांना खात होती. खऱ्या रशियन बाईसमोर तोंड उघडलं आणि तिला कळलंच नाही तर? मग सगळा जन्म पाण्यातच गेला म्हणायचा की! त्यापेक्षा केकची चित्रं बरी.

हे रशियन त्यांच्यामागे लावून दिलं अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी. अण्णा तारखात्यात होते. माणूस पहिल्यांदा अवकाशात जाऊन आला त्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं की पोरीने रशियन शिकायचं. इंग्रजी काय, सगळेच शिकतात. रोज संध्याकाळी तिला सायकलवर डबलसीट घेऊन वर्गाला सोडायचे आणि वर्ग सुटेपर्यंत जिन्यात बसून पेपर वाचायचे. परत येताना ती दिवसाचे नवे शब्द म्हणून दाखवायची आणि अण्णा ते मोठमोठ्याने चुकीचे म्हणायचे, इतके चुकीचे की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. काय दिवस होते ते! सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून पिशवी भरून पुस्तकं आणायची, आणि त्यांच्या गुळगुळीत मासिकांची पानं शाळेच्या वह्यांना कव्हर म्हणून घालायची. अर्ध्या पुण्याच्या वह्यांवर तेव्हा ट्रॅक्टर चालवणाऱ्या हसऱ्या रशियन बायका असायच्या.

शिकवायला खुद्द रशियातून आलेली बाई होती. कधी लहर आली की ती वर्गाचं दार लावून घ्यायची आणि देश सोडून गेलेल्या एका कवीच्या ओळी हळू आवाजात म्हणायची. तिकडे त्याचं नाव काढायचीही चोरी होती. त्याचं नाव मीही घेत नाही, काकूही घेत नसत. 'आमचे कवी' एवढंच म्हणत.

तर दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात काकूंना लायब्ररीत एक पत्रक सापडलं. बर्कशायरच्या डोंगरांत, गाडीने दोन तासांवर, एका धनाढ्य कुटुंबाची जुनी इस्टेट होती. मोठा बंगला, बागा, तळं. त्या कुटुंबाने बागेतल्या माळ्याचं घर एका परागंदा रशियन कवीला राहायला दिलं होतं आणि तो मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, तिथेच राहिला. आता रविवारी ते घर लोकांना बघता येत होतं. कवीचं नाव वाचून काकू तिथल्या खुर्चीतच बसल्या. पत्रकात पुढे लिहिलं होतं की रविवारी घरात रशियन बोलणाऱ्या बाई भेटतील. ते वाचून त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि पुस्तकात दडवली.

तरी घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं, मला इथे जायचंय. रेणूच्या कपाळावर आठी आली. तिला लहानपणापासून रशियनचा राग. का नसावा? रोज संध्याकाळी आई त्या भाषेकडे जायची आणि ही शेजारच्यांकडे वरणभात जेवायची. एक अक्षर शिकली नाही पोरगी. जावई अतुल मात्र सरळ मनाचा. तो म्हणाला, नाहीतरी फॉल कलर्स बघायला जायचंच आहे, आईंचं घर बघू आणि येताना ॲपल पिकिंग करू.

आठवडाभर काकू भाजी चिरताना ओठ हलवत होत्या. अतुलला वाटलं, जप चाललाय. त्या वाक्यं जमवत होत्या. नमस्कार. मी भारतातून आले. मी या कवीच्या ओळी लहानपणी ऐकल्या. सगळी वाक्यं घोटून घोटून पक्की केली.

रविवारी निघाले. डोंगर नुसते पेटले होते, लाल काय, केशरी काय, पण काकूंचं लक्ष कुठे होतं? इस्टेटीवर पोचल्यावर बंगला झाला, बागा झाल्या, तळं झालं, अतुलने सगळीकडे फोटो काढले. मग झाडांमागे ते माळ्याचं घर दिसलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बस्स. माणसं बूट घालून आतबाहेर करत होती. काकूंनी मात्र सवयीने उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि मोज्यांनी आत गेल्या. रेणू कुजबुजली की अगं इथे चालतात बूट, पण घरात बूट घालून जायचं म्हणजे काय, ते कवीचं घर असलं तरी!

आत खिडकीपाशी एक जाडजूड बाई विणत बसली होती. सत्तरीची असेल. छातीवर नावाची पट्टी, तमारा. तिने आधी काकूंच्या मोज्यांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मान डोलावली. तिच्याही पायांत बूट नव्हते, सपाता होत्या.

काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळं साफ झालं. एक वाक्य शिल्लक नाही. अकरा वर्षांची नात अनन्या हात ओढून म्हणत होती, "आजी, से समथिंग!" आणि आजीच्या तोंडून अखेर निघालं ते काय? पुस्तकातला पहिला धडा. अठ्ठावीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहिलेला. टेबलाकडे बोट दाखवून त्या रशियनमध्ये म्हणाल्या, "हे टेबल आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. तमाराने विणकाम खाली ठेवलं. टेबलाकडे पाहिलं. मग चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाली, "हो. आणि ही खुर्ची आहे. बसा."

दोघी हसल्या. हसता हसता काकूंना कळलं की आपल्याला कळलं. ती बोलली आणि आपल्याला कळलं! मग मात्र जिभेचं कुलूप निघालं. नमस्कार झाला, भारतातून आले झालं, वर्गाचं दार लावून ऐकलेल्या ओळी झाल्या. अडखळत होत्या, मधेच एखादा शब्द हरवायचा, पण तमारा तो शोधून हातात द्यायची. ती ऐंशी साली रशिया सोडून आली होती, तिकडे शाळेत गणित शिकवायची, आता वुस्टरला लेकाजवळ राहत होती. कवीची एकूण एक गोष्ट तिला ठाऊक होती. तो या चुलीवर कसा बीट उकळायचा, मालकांच्या माळ्याशी कसा भांडायचा, सगळं. तिने विचारलं, तुम्हाला हाक कशी मारू?

रशियन लोकांत मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नावापुढे वडिलांचं नाव लावतात, बाईला असेल तर 'ओव्ना' जोडून. काकूंनी हे हजार विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. त्यांनी ताठ बसून सांगितलं, "नीलांबरी पुरुषोत्तमोव्ना."

तमाराने ते लांबलचक नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग आदराने विचारलं, तुमचे वडील, पुरुषोत्तम, तेही भाषांचे अभ्यासक होते का? त्यांनीच तुम्हाला रशियनकडे पाठवलं?

काकू बघतच राहिल्या. पुरुषोत्तम म्हणजे त्यांचे यजमान. चार वर्षांपूर्वी गेलेले. लग्नाआधी वर्गात त्या नीलांबरी वामनोव्नाच होत्या. लग्न झालं, हजेरीच्या वहीत नाव बदललं, आपल्याकडे जसं मधलं नाव बदलतं तसं ते आपोआप रशियनमध्येही बदललं. नव्याने आलेल्या रशियन मास्तरांना वाटलं, पुरुषोत्तम हे वडील. काकूंना दोन दिवस चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. पुण्यात कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? मुलीचं असंच होतं म्हणतात.

'हो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण घोटलेली वाक्यं तर संपलीच होती. काकूंनी खरं सांगितलं, की पुरुषोत्तम नवरा. आमच्याकडे लग्न झालं की वडिलांचं नाव जातं आणि नवऱ्याचं येतं.

तमाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी तीन नवरे केले," ती म्हणाली, "पण बाप एकच ठेवला. तुमचे वडील कोण?"

आणि काकू अण्णांविषयी बोलायला लागल्या. सायकल सांगितली, जिना सांगितला. मग जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. एकाहत्तर साली मॉस्कोला दहा महिने शिकायला जायचं पत्र आलं, तेव्हा अण्णांनी कॅम्पातल्या शिंप्याकडून ओव्हरकोट शिवून घेतला. त्या शिंप्याने जन्मात असलं काही शिवलं नव्हतं. कोट गादीएवढा जड झाला होता. रेणू दोन वर्षांची होती. नवरा नको म्हणाला नाही. पेपरातून मान वर न काढता म्हणाला, बघ, तुझं तू ठरव. आणि त्यांनी ठरवलं, जायचं नाही. अण्णांनी एका शब्दाने विचारलं नाही. कोट ट्रंकेत ठेवला. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा काकू माहेरी गेल्या, ट्रंक उघडली, तर दर पावसाळ्यानंतर उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला बदलून त्यांनी तो ठेवलेला. "मी त्यांना तोंड दाखवू शकले नाही," काकू म्हणाल्या. "अजून नाही."

हे सगळं त्या रशियनमध्ये बोलत होत्या. शब्द शोधावा लागत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भाषा आपली सरळ चालली होती. अतुल अनन्याला घेऊन बाहेर गेला. रेणू दाराशी उभी होती. आईला असं तिने कधीच पाहिलं नव्हतं, ना मराठीत, ना बाबा गेले तेव्हा.

"वडिलांचं नाव काय?" तमाराने विचारलं.

"वामन."

तमाराने काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला. "खूप सुंदर रशियन बोलता तुम्ही, नीलांबरी वामनोव्ना."

त्या हाकेसरशी बाई हमसून हमसून रडल्या. चाळीस वर्षांत त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. आणि अण्णांनी जिन्यात बसून काढलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी फुकट गेल्या नाहीत, हे एका खऱ्या रशियन बाईनेच सांगून टाकलं होतं.

निघताना तमाराने अभिप्रायाची वही पुढे केली. काकूंनी रशियन अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली, नीलांबरी वामनोव्ना. रेणू खांद्यावरून वाकून बघत होती. काय झालं ते तिला सांगायलाच हवं होतं, तेव्हा काकूंनी थोडक्यात मराठीत सगळं सांगितलं. चूक सांगितली, कोट सांगितला, तिच्या बाबांचं 'तुझं तू ठरव' तेवढं गाळलं. रेणूने वहीतल्या सहीवरून एकदा बोट फिरवलं. मग तिने पेन मागून घेतलं.

"आई, माझं कसं लिहायचं?"

काकूंना आधी नीट ऐकू आलं नाहीसं वाटलं. मग त्यांनी तिच्यामागे उभं राहून एकेक अक्षर सांगितलं. हे 'पी' दिसतंय ना, पण हा आपला र आहे. हे उलटं वळव. घाई नको, गोलाई नीट दे. सदतिसाव्या वर्षी लेक जीभ बाहेर काढून अक्षरं गिरवत होती. नाव संपतच नव्हतं. तमाराही खुर्चीतून उठून बघायला आली.

"आता वाच," रेणू म्हणाली.

"रेणू पुरुषोत्तमोव्ना," काकूंनी वाचलं. "घे बाई. तुझंच होतं ते. इतकी वर्षं मी वापरलं."