लाइफ जॅकेटची नाडी

हातात कुठलीही वस्तू आली की तो आधी ती उलटी करून शिवण बघायचा. बाजाराची पिशवी असो, दिवाळीला ऑफिसात मिळालेली बॅग असो, नाहीतर माझा नवा शर्ट. शर्ट तर माझ्या अंगावर असतानाच त्याने कॉलर उलटी करून बघितली होती. "वरून काय रे, सगळंच झकास असतं," असं म्हणायचा आणि नखाने एखादा टाका ओढायचा. टाका निघाला की वर म्हणायचा, "बघ, म्हणत होतो ना!"

असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. आमचं ड्रॉइंग ऑफिस पवईला आणि आमची टेबलं शेजारी-शेजारी. तो घाटकोपरला दोन खोल्यांत आई आणि बायकोबरोबर राहायचा. वडील मालवणकडचे, मालाच्या गलबतावर खलाशी. एका फेरीला गलबत गेलं ते परत आलंच नाही. मग आईने मुलाला घेऊन मुंबई गाठली आणि लोकांचे ब्लाउज शिवून त्याला वाढवलं. शिवण बघायची खोड तिथली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या ऑफिसातल्या काहीजणांनी तलावावर कयाक चालवायचं खूळ काढलं. कयाक म्हणजे एका माणसापुरती चिंचोळी, फायबरची होडी. कमरेपर्यंत आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. सामानाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. नाव देणाऱ्यांत पहिला हा. चाळिशी उलटलेली, पोहण्याचा पत्ता नाही.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं.

"रोज खिडकीतून तलाव बघतो यार. किती वर्षं नुसता बघायचा?"

त्याच्यासाठी सामान घ्यायला आम्ही दोघे गेलो. तेव्हा असल्या वस्तूंची दुकानं नव्हती. तोडलेल्या जहाजांचं सामान विकणारा एक भंगारवाला होता, त्याच्याकडे लाइफ जॅकेटं मिळायची. याने ढिगातलं एकेक जॅकेट उलटं करून वाचायला घेतलं. शेवटी भंगारवाला वैतागला. "पहनने का है या पढ़ने का?"

त्याने निवडलं ते कुणा धिप्पाड खलाशाचं असणार. त्याने घातल्यावर मी खांद्याला धरून वर ओढलं तर ते थेट कानांच्या वर गेलं. आतून आवाज आला, "शिवण मात्र एक नंबर आहे." मी ते उतरवलं आणि अंगाबरोबरचं शोधून दिलं. नवख्याने एवढंच बघायचं असतं, वर ओढलं तरी जॅकेट जागचं हलता कामा नये.

तेवढ्यात त्याने कोपऱ्यातून गमबूट काढले.

"हे कशाला?"

"पाय कोरडे राहायला."

आता वैतागायची पाळी माझी होती. "अरे, होडी उलटली की बुटांत पाणी भरेल. वाट लागेल तुझी! साधे कॅनव्हासचे बूट घे. आणि उलटणार तर आहेच. पहिला धडाच तो. मुद्दाम उलटवायची आणि पाण्यातून बाहेर यायचं. ते जमल्याशिवाय एकट्याला सोडत नाहीत."

त्याने गमबूट जागेवर ठेवले. चहा पिताना मग सगळं सांगितलं. वडील गेल्यावर आईने त्याला शपथ घातली होती, 'पाण्यात पाय घालशीत तर माजी शप्पत आसा.' गणपती विसर्जनालाही तो काठावरूनच मूर्ती चुलतभावाच्या हातात द्यायचा. आम्ही समजायचो, पँट जपतोय.

"गमबूट घालून होडीत बसलो असतो, तर पाय पाण्यात गेला नसता ना?" त्याने विचारलं. मी हसलो, पण तो हसत नव्हता.

"मग आईला सांग ना, सुटली म्हण." लहानपणी आपण सगळेच हे करत आलो. ज्याने शपथ घातली त्याने 'सुटली' म्हटलं की सुटली.

"तिची वाचा गेलीय रे," तो म्हणाला.

वर्षभरापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं. समजायचं सगळं.

"मान हलवली तरी पुरे की."

"मान ती सगळ्यालाच हलवते."

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. जॅकेट घालून, पुढची नाडी बांधून तो आईच्या खाटेवर बसला होता. "आये, मी तळ्यात जातंय. होडयेत बसतलंय. ह्या बघ, ह्या घातलेलो माणूस बुडणा नाय. तुजी शप्पत सोड."

म्हातारीने डाव्या हाताने जॅकेट चाचपलं. कड उलटी करून शिवण बघितली. मग तिला नाडी सापडली. ती ओढत राहिली, ओढत राहिली, आणि गाठ सुटली.

"सुटली!" वहिनी दारातून ओरडल्या. "अहो, सुटली म्हणतायत त्या!"

मलाही तेच वाटलं. तो मात्र आईच्या तोंडाकडे बघत होता. "की काढ म्हणतंस?" त्याने हळूच विचारलं. तिचे डोळे भरून आले, ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. मग त्याने जॅकेट काढलं, घडी घातली आणि खाटेखाली सरकवलं.

जिन्यात मी त्याच्यावर चिडलो. "तुला हवं ते उत्तर समोर होतं. घ्यायचं होतंस!"

"मला हवं होतं ना, म्हणूनच भीती वाटली," तो म्हणाला.

पुढे काही महिन्यांनी आई गेली. तोही आता नाही. पण डोळ्यांसमोर येतो तो माहुलच्या बंदरावरचा. आईच्या अस्थी सोडायला आम्ही चारपाचजण गेलो होतो. खाडीला भरती होती. एक कोळी होडी घेऊन उभाच होता. "द्या दादा, मी मधी नेऊन सोडतो." मीही म्हटलं, दे त्याला. कुणी नावं ठेवली नसती.

त्याने चपला काढल्या. कलश छातीशी धरून शेवटच्या कोरड्या पायरीवर उभा राहिला. मान खाली घालून कलशाशी काहीतरी पुटपुटला आणि वाट बघत राहिला. भटजी दोनदा खाकरले. मला ते बघवेना.

मग त्याने एक पाय पाण्यात घातला, नंतर दुसरा. पायरी पायरी करत कमरेपर्यंत गेला. मी मागोमाग उतरून त्याचा शर्ट धरून ठेवला. त्याने कलश पाण्यात वाकडा केला, रिकामा झाला तरी तसाच धरून ठेवला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"चल आता वर," मी म्हटलं.

"थांब ना जरा," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलोय."

मी शर्ट सोडला नाही, पण थांबलो.